पाचव्या बटणावरची सहा वर्षं

फ्रान्समधली पहिली विनामूल्य खासगी वाहिनी निवडणुकीचं पंचांग बघून जन्माला घातली गेली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तिच्या बाबतीत जे जे घडलं त्याची पाळंमुळं तिथेच आहेत. वाहिनीचं नाव ला सँक, म्हणजे ‘पाच’. ती २० फेब्रुवारी १९८६ रोजी रात्री साडेआठला सुरू झाली आणि १२ एप्रिल १९९२ रोजी मध्यरात्री बंद पडली. त्या सहा वर्षांत तिने तीन मालक पाहिले, पाच पंतप्रधान पाहिले आणि पैसे मात्र कधीच पाहिले नाहीत.

१९८२ सालच्या कायद्याने तिथली सरकारी मक्तेदारी कागदोपत्री संपली होती, तरी प्रत्यक्षात टीव्ही म्हणजे टीएफ वन, अंतेन दो आणि एफआर त्रुआ या तीन सरकारी वाहिन्याच. नोव्हेंबर १९८४ मध्ये कॅनाल प्लुस आली. ती खासगी होती, पण दरमहा पैसे भरा, डीकोडर घ्या, मग सिनेमे आणि फुटबॉल बघा, असा तिचा मामला. सगळ्यांना फुकट दिसणारी, जाहिरातींवर जगणारी वाहिनी अजून यायची होती. राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितराँ समाजवादी, खासगी टीव्हीबद्दल त्यांना ममत्व असण्याचं कारण नव्हतं. पण मार्च १९८६ च्या निवडणुकीत आपला पक्ष हरणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. उजवे आले की खासगी वाहिन्या आपल्या मित्रांना देणार. मग त्याआधी आपणच आपल्या मित्रांना एक देऊन टाकलेली काय वाईट? नोव्हेंबर १९८५ मध्ये परवाना दिला गेला, तोही अठरा वर्षांचा. घेणारे होते उद्योगपती जेरोम सेदू, क्रिस्तोफ रिबू आणि मिलानचे सिल्व्हिओ बर्लुस्कोनी.

बर्लुस्कोनी हे नाव ऐकून पॅरिसमधल्या सुसंस्कृत मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या. आम्ही कोका-कोला छाप टीव्ही येऊ देणार नाही, असं याच सरकारातले लोक आधी छातीठोकपणे सांगत होते. बर्लुस्कोनींनी पत्रकार परिषदेत ते हसण्यावारी नेलं. कोका-कोलाही नाही आणि स्पॅगेटीही नाही, तुम्हाला आठवडाभर बोजोले वाइन आणि रविवारी शॅम्पेन पाजू, अशा अर्थाचं ते बोलले. माणूस एकेकाळी जहाजावर गाणी म्हणून पैसे कमावत होता. समोरच्याला काय ऐकायचं आहे हे त्याला कळायचं.

मग आयफेल टॉवरचा तमाशा झाला. पॅरिसभर वाहिनी दिसायची तर ट्रान्समीटर आयफेल टॉवरवरच हवा. टॉवर पॅरिस महापालिकेचा, आणि महापौर होते झाक शिराक, म्हणजे मितराँचे कट्टर विरोधक. त्यांनी साफ नकार दिला. सरकारने उंच इमारतींवर प्रक्षेपण यंत्रणा बसवण्याचा अधिकार सरकारी प्रक्षेपण संस्थेला देणारी दुरुस्ती संसदेत आणली, लोकांनी तिचं नावच आयफेल टॉवर दुरुस्ती पाडलं, आणि जानेवारी १९८६ मध्ये तंत्रज्ञ पोलिस बंदोबस्तात टॉवरवर चढले. महिन्याभराने वाहिनी सुरू. त्यानंतर महिन्याच्या आतच शिराक पंतप्रधान.

पहिल्या रात्रीचा कार्यक्रम आता संग्रहित चित्रफितींत बघायला मिळतो. तो पॅरिसमध्ये झालेलाच नाही, मिलानमध्ये बर्लुस्कोनींच्या स्टुडिओत चित्रित झाला होता. जॉनी हालीडे, सेर्ज गॅन्सबूर, शार्ल अझनावूर अशी बडी मंडळी तिथे नेऊन बसवलेली. दुसऱ्या दिवसापासून टीकाकार तुटून पडले. झगमगाट, उथळपणा, इटालियन बाजार वगैरे. मी ते सगळं बघितलं आणि मला फारसा धक्का बसला नाही. पुढच्या पंधरा वर्षांत जगभरच्या वाहिन्यांनी जे केलं त्यापुढे हे सोवळंच म्हणायचं. खटकलं ते वेगळंच: एका देशाची पहिली खुली खासगी वाहिनी, आणि तिच्याकडे बातम्याच नव्हत्या. पहिलं दीड वर्ष ला सँकवर एकही बातमीपत्र नव्हतं. गेम शो, गाणी, अमेरिकन मालिका, जुने सिनेमे. परवाना राजकारणासाठी द्यायचा आणि पडद्यावर राजकारणाचं नाव काढायचं नाही!

ल्योंला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, आता साठीच्या जवळ आलेले. ला सँकचा विषय मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्याकडून, तोही जिन्यात उभ्याउभ्या. ते मूळचे आर्देश भागातल्या डोंगरातल्या गावचे. ला सँक सुरू झाली तेव्हा त्यांच्या गावात दिसतच नव्हती. सुरुवातीला ती मोठ्या शहरांपुरतीच होती, ट्रान्समीटर हळूहळू वाढले आणि शेवटपर्यंत सगळा देश काही व्यापला गेला नाही. गावातले लोक छपरावर नवे अँटेना लावून, ते इकडेतिकडे फिरवून मुंग्यांमधून चित्र शोधायचे. शेजारी ल्योंला मामाकडे आले की आधी टीव्ही लावायचे. तिथे ‘के २०००’ लागायचं, म्हणजे ती बोलणारी काळी गाडी. मामा वैतागायचे, पण त्यांनी टीव्ही बंद केल्याचं शेजाऱ्यांना आठवत नाही.

हे अँटेनाचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण ला सँक का मेली याची चर्चा नेहमी तिच्या दर्जावरून होते. दर्जा बेतास बात होता, कबूल. पण जाहिरातदार डोकी मोजतो. निम्म्या देशात नीट न दिसणाऱ्या वाहिनीला तो पूर्ण भाव कशाला देईल? त्यात १९८७ मध्ये शिराक सरकारने थेट टीएफ वनच विकायला काढली आणि ती बांधकाम व्यवसायातल्या बुइग समूहाला मिळाली. देशातली सर्वांत जुनी, घराघरांत पोचलेली वाहिनी जाहिरातींच्या बाजारात पूर्ण ताकदीने उतरली. तिचा प्रेक्षकवाटा चाळीस टक्क्यांच्या वर, ला सँकचा चांगल्या दिवसांत बारा-तेराच्या आसपास. एकाच गल्लीत मोठ्या वाण्याने दुकान थाटल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीचं जे होतं, ते झालं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत जुना परवाना रद्द करून ला सँक नव्याने वाटली गेली. आता कारभार रोबेर एर्साँ यांच्याकडे. ‘ल फिगारो’चे मालक, देशभरची वृत्तपत्रं गिळंकृत करत सुटलेले, लोक त्यांना कागदखाऊच म्हणत. बर्लुस्कोनी पंचवीस टक्के घेऊन राहिले, सेदू थोड्या हिश्शापुरते उरले. म्हणजे डाव्यांनी घडवलेली वाहिनी उजव्यांच्या प्रकाशकाच्या झोळीत गेली. एर्साँनी पैसा ओतून पात्रिक सेबास्तियाँ, स्तेफान कोलारो असे टीएफ वनवरचे लोकप्रिय चेहरे पळवून आणले. चेहरे आले, प्रेक्षक आले नाहीत. लोकांना त्या माणसांपेक्षा जुन्या बटणाची सवय जास्त होती.

याच सुमारास सहाव्या बटणावर एम सिस सुरू झाली. तिने मोठमोठ्या सिताऱ्यांच्या नादी न लागता संगीताचे व्हिडिओ आणि स्वस्तातल्या मालिका दाखवल्या, स्वतःला ‘वर चढणारी छोटी वाहिनी’ म्हणवून घेतलं, आणि ती आजही चालू आहे. ला सँकच्या मालकांना छोटं असणं कधी जमलंच नाही. प्रत्येकाला पहिल्याच मोसमात टीएफ वनला खाली खेचायचं होतं.

दुसरीकडे कायद्याचा काच. फ्रान्समध्ये परदेशी मालिका किती आणि फ्रेंच कलाकृती किती, याचं प्रमाण ठरलेलं असतं. ला सँकने ते पाळलं नाही म्हणून दंड भरले. त्यातून वाट काढताना वाहिनीने ‘व्वाझँ, व्वाझीन’ म्हणजे शेजारी-शेजारीण नावाची मालिका काढली. अत्यंत स्वस्तात, तासाभराचा एकेक भाग, आणि ती दाखवायची कधी, तर सगळं गाव झोपल्यावर. फ्रेंच भाषेतली आहे ना? आहे. मग कोट्यात धरा. मी तिचे काही तुकडे पाहिले आहेत. दोन माणसं स्वयंपाकघरात उभी राहून बोलतात, बोलतात, आणि अजून बोलतात. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणायचं सोडून चहाला जावं तसं. खरं सांगायचं तर मला ती आवडली. वाहिनीवरचा सगळ्यात निरागस कार्यक्रम तोच.

कायद्याच्या पुस्तकात मात्र ला सँक कायमची जाऊन बसली आहे, आणि ही गोष्ट प्रेक्षकांपेक्षा वकिलांना जास्त ठाऊक असते. १९८८ मध्ये वाहिनीने अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांचा १९५० सालचा कृष्णधवल सिनेमा ‘द अस्फाल्ट जंगल’ दाखवायचं ठरवलं, पण संगणकाने रंग भरलेल्या आवृत्तीत. ह्यूस्टन आदल्याच वर्षी वारले होते आणि हयात असताना अशा रंगकामावर ते जाहीरपणे संतापले होते. त्यांची मुलं आणि पटकथाकार बेन मॅडो फ्रेंच कोर्टात गेले. रंगीत आवृत्तीचे हक्क अमेरिकेत टर्नर कंपनीकडे रीतसर होते, अमेरिकन कायद्यानुसार कोणाची हरकत चालणारी नव्हती. खालच्या कोर्टात मुलं जिंकली, अपिलात हरली, आणि २८ मे १९९१ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कूर द कासासियाँने, निकाल फिरवला: कलाकृती जगात कुठेही बनलेली असो, तिच्या मूळ रूपाला धक्का लावू न देण्याचा कर्त्याचा नैतिक हक्क फ्रान्सच्या भूमीवर अबाधित आहे. कॉपीराइट शिकवणारे प्राध्यापक आजही हा खटला शिकवतात. कोट्यासाठी रात्री-अपरात्री मालिका सरकवणाऱ्या वाहिनीमुळे जगभरच्या दिग्दर्शकांचं भलं झालं, तेही ती हरली म्हणून.

आणि या सगळ्या गदारोळात, ज्या कोपऱ्यांकडे मालकांचं फारसं लक्ष नव्हतं, तिथे वाहिनी चांगली झाली. माझं मत विचाराल तर ला सँकचा खरा इतिहास तोच आहे.

पहिला कोपरा मुलांचा. शाळा सुटल्यावर लागणाऱ्या कार्टूनमध्ये जपानी मालिका असत: फुटबॉल खेळणाऱ्या पोरांची ‘ओलिव्ह ए टॉम’, बोर्डिंगातल्या अनाथ मुलीची ‘प्रँसेस सारा’. त्या बर्लुस्कोनींच्या इटालियन गोदामातून घाऊक भावात आल्या होत्या. फ्रान्समधल्या जपानी कार्टूनवर शिक्षणतज्ज्ञ आणि राजकारणी चिडलेले, १९८९ मध्ये सेगोलेन रोयाल यांनी तर त्याविरुद्ध पुस्तकच लिहिलं. मुलं अर्थातच बघत राहिली. आमच्या ऑफिसातली चाळिशीतली फ्रेंच मंडळी जेवणाच्या सुट्टीत प्रँसेस साराचं शीर्षकगीत म्हणतात, आणि एखादीचे डोळे खरोखर पाणावतात. मी हसायचो, पण मग शोध घेतल्यावर कळलं की ती मालिका निप्पॉन ॲनिमेशन कंपनीची. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्या मोगलीसाठी आमच्या पिढीने आंघोळीला दांडी मारली, तोही त्याच कंपनीचा. त्यानंतर मी हसणं बंद केलं.

दुसरा कोपरा बातम्यांचा. एर्साँच्या काळात, सप्टेंबर १९८७ पासून, बातमीपत्रं सुरू झाली. गियोम द्युराँ, मारी-लोर ओग्री, आणि उडत्या तबकड्यांवर पुस्तकं लिहिणारे झाँ-क्लोद बूरे ही त्यातली ठळक माणसं. उशिरा सुरुवात केल्यामुळे असेल, पण या बातमी विभागाला गमावण्यासारखं काही नव्हतं. काही घडलं की नेहमीचा कार्यक्रम बाजूला सारून सरळ थेट प्रक्षेपण. डिसेंबर १९८९ मध्ये रोमानियात उठाव झाला तेव्हा तिथल्या टीव्हीची चित्रं ला सँकने तासन्‌तास दाखवली. तिमिशोआरा शहरातल्या हजारो मृतांचे आकडे पुढे खोटे ठरले. त्या घाईत इतर वाहिन्यांसारखीच तीही फसली. पण त्याच आठवड्यात तिचा बातमीदार झाँ-लुई काल्देरॉन बुखारेस्टच्या रस्त्यावर रणगाड्याखाली सापडून गेला. त्या शहरात एका रस्त्याला त्याचं नाव दिलेलं आहे. ‘के २०००’ दाखवणारी वाहिनी म्हणून तिला हिणवणारे लोक हे सहसा सांगत नाहीत. १९९१ च्या सुरुवातीला आखाती युद्धातही तिने असाच धडाका लावला आणि गंभीर प्रेक्षकही तिच्याकडे वळले.

तिसरा कोपरा फॉर्म्युला वनचा. आलँ प्रोस्त विरुद्ध आयर्टन सेना या दोन शर्यतपटूंच्या चुरशीचा काळ फ्रान्सने ला सँकवर पाहिला. आमच्या शेजाऱ्यांच्या मते बाकी सगळी वाहिनी ओवाळून टाकावी. तोवर ते ल्योंला शिकायला आले होते, मामांचा व्हीसीआर त्यांच्या ताब्यात होता, आणि ऑक्टोबर १९८९ ची जपानमधल्या सुझुकाची शर्यत, जिच्यात या दोघांच्या गाड्यांची धडक झाली, त्यांनी पहाटे उठून टेप केली. ती टेप अजून आहे. तिच्याबद्दल पुढे.

शेवट घाईत सांगण्यासारखाच झाला. ऑक्टोबर १९९० मध्ये एर्साँ थकले आणि आशेत प्रकाशन समूहाच्या झाँ-लुक लागार्देर यांनी सूत्रं घेतली. त्यांना टीएफ वन हवी होती, ती १९८७ मध्ये हुकली होती, तेव्हा ही तर ही. एप्रिल १९९१ मध्ये नवं रूप, नवे कार्यक्रम, नवा खर्च. त्या एका वर्षात अब्जाहून अधिक फ्रँकचा तोटा झाला. १७ डिसेंबरला ५७६ जणांना नारळ देण्याची घोषणा आणि ३१ डिसेंबरला दिवाळखोरीचा अर्ज. हा धक्का इतका जबर होता की लागार्देर यांना पुढे आपली मात्रा ही कंपनी आशेतमध्ये विलीन करून समूह सावरावा लागला.

जानेवारीत बूरे यांनी बचाव संघटना काढली आणि लाखो प्रेक्षकांनी पत्रं पाठवली. सहा वर्षं मालक, मंत्री, नियामक आणि न्यायाधीश एकमेकांशी बोलत होते, प्रेक्षकाला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, तेही तिरडी बांधायला घेतल्यावर. बर्लुस्कोनींनी वाचवण्याची तयारी दाखवली आणि २४ मार्चला माघार घेतली. ३ एप्रिलला व्यापारी न्यायालयाने गाशा गुंडाळायचा आदेश दिला.

१२ एप्रिलच्या रात्रीचं चित्रण मी बरेचदा पाहिलं आहे. कार्यक्रमाचं नाव ‘इल ए मवँ सँक’, पाच मिनिटं कमी. स्टुडिओत कर्मचाऱ्यांची गर्दी, कोणी रडतंय, कोणी हसतंय, शेवटी सगळे मिळून सेकंद मोजतात. मग वाहिनीच्या बोधचिन्हाला ग्रहण लागतं, ‘संपलं’ अशी अक्षरं येतात, आणि नेहमी तांत्रिक बिघाडाच्या वेळी दाखवतात त्या साच्यातली पाटी: चित्र आणि ध्वनी कायमचे खंडित होत आहेत, त्याबद्दल क्षमस्व. ‘कायमचे’ एवढाच काय तो फरक. जवळपास सत्तर लाख लोकांनी ते पाहिलं. एवढे प्रेक्षक ला सँकला एरवी क्वचितच लाभले असतील. बंद होण्याचा कार्यक्रम मात्र तिने उत्तम केला, आणि तो कोणत्याही मालकाच्या सल्ल्याशिवाय.

महिना उलटायच्या आत सरकारने ती रिकामी लहर स्वतःकडे घेतली आणि २८ सप्टेंबर १९९२ पासून तिच्यावर संध्याकाळी आर्ते दिसू लागली. आर्ते म्हणजे फ्रान्स आणि जर्मनीने मिळून काढलेली सांस्कृतिक वाहिनी: ऑपेरा, माहितीपट, उपशीर्षकांसह पोलिश सिनेमा. बर्लुस्कोनींची लहर, तिच्यावरून बाख! दिवसाची वेळ १९९४ पासून ला सँकियेम या शैक्षणिक वाहिनीला मिळाली, तीच आताची फ्रान्स सँक. खुद्द बर्लुस्कोनी मे १९९४ मध्ये इटलीचे पंतप्रधान झाले. पॅरिसमध्ये त्यांनी पाहिलं होतं की सत्तेतल्या मित्राने दिलेला अठरा वर्षांचा परवाना मित्र हरला की वर्षभरही टिकत नाही. मिलानमध्येही १९९२ पासून भ्रष्टाचाराच्या चौकशीत त्यांचे आश्रयदाते, माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी घसरत चालले होते. मित्र शोधण्यापेक्षा खुर्चीच गाठलेली बरी, असा हिशेब त्यांनी केला असावा. हा माझा तर्क, पण मला तो पटतो.

आता ती टेप. शेजाऱ्यांचा व्हीसीआर केव्हाच मोडला, ल्योंमधल्या दुकानांत कोणी हात लावायला तयार नाही. भारतात सगळं दुरुस्त होतं अशी त्यांची माझ्यावर श्रद्धा, म्हणून सुट्टीला निघताना त्यांनी सुझुकाची टेप माझ्या हातात ठेवली. पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करत करत एका काकांपर्यंत पोचलो. त्यांच्याकडे चालू स्थितीतला व्हीसीआर होता, वर ‘मल्टी सिस्टिम’ अशी पट्टी. “सगळं चालतं हो यावर, आणा इकडे,” काका म्हणाले. टेप चालली, आवाज आला, चित्रही आलं, पण रंग नाही. टीव्हीवर रंग पाठवण्याची फ्रान्समध्ये तेव्हा सेकाम पद्धत होती, आपल्याकडे पाल, आणि या यंत्राला सेकामचा जो प्रकार समजतो तो फ्रेंच टेपवरचा नव्हे. काकांनी दोन-तीन बटणं फिरवली, हेड साफ केलं, आणि मान हलवली.

आम्ही दोघांनी ती धडक तशीच पाहिली. त्या वर्षी प्रोस्त आणि सेना दोघेही मॅकलॅरनमध्ये, गाड्या अगदी सारख्या. ओळखायचं ते हेल्मेटवरून: सेनाचं पिवळं, प्रोस्तचं पांढरं-निळं. रंगाशिवाय दोन्ही फिकी. “कोणी कोणाला ठोकलं?” काकांनी विचारलं. मी म्हटलं, यावर अजून भांडणं चालू आहेत.

परत गेल्यावर शेजाऱ्यांना घडलेलं सांगितलं. ते टेप हातात घेऊन म्हणाले, “म्हणजे ह्यूस्टन पुन्हा जिंकला,” आणि मला आत बोलावून ८८ सालच्या मोनाकोची टेप शोधायला लागले.